काटकसर व गृहसौख्य

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यात केलेले भाषण)



महोत्सवाच्या या मंगल दिवसांत घरखर्चासारख्या रुक्ष विषयावर आम्ही का बोलावे, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असल्यास नवल नाही. चोहोकडे पताका लागल्या आहेत, गायनवृंदाच्या तालमी चालू आहेत, आणि अशा वेळी मीठ-मिरचीचा जमाखर्च काढून बसणे म्हणजे सणाच्या दिवशी औषधाची बाटली उघडण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. तथापि उत्सव हा दिवसांचा असतो आणि संसार हा वर्षांचा. पताका उतरल्यावर आपण सर्वजण ज्या घरी परत जाणार, त्या घरात महिन्याच्या वीस तारखेनंतर कोणते वारे वाहतात, यावर त्या घराची शांती पुष्कळ अंशी अवलंबून असते. म्हणून व्यवस्थापक मंडळींनी हा विषय सुचविला तेव्हा आम्ही तो आनंदाने पत्करिला.

आम्ही काही अर्थशास्त्रवेत्ते नव्हे. तुटपुंज्या मिळकतीत संसार कसे चालतात हे आम्ही आपल्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरी पाहिले आहे, एवढाच आमचा अधिकार. त्या पाहण्यातून जी एक गोष्ट आमच्या मनात पक्की बसली, ती आज आपणांपुढे ठेवावयाची आहे.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. काटकसरीचा उपदेश ज्याला पोटभर अन्न आहे त्यालाच शोभतो. ज्याच्या घरी दोन वेळची चूल पेटत नाही, त्याला काटकसर शिकविणे ही क्रूर थट्टा होय. त्याला न्याय्य मजुरी मिळवून देणे, आणि ती मिळेपर्यंत त्याच्या ताटात वाढणे, हे आपले कर्तव्य आहे. पोप तेरावे लिओ यांनी 1891 साली ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढिले, त्यात कामगाराने काटकसरीने राहून चार पैसे शिल्लक टाकावे असे अवश्य सांगितले आहे. परंतु त्याच्या मजुरीत त्याचा, त्याच्या बायकोचा व मुलांचा निर्वाह सुखाने व्हावा, ही अट त्याआधी घातली आहे. हा क्रम आपण कधी विसरू नये.

तसेच काटकसर आणि कंजूषपणा या दोन बहिणी नव्हेत. कंजूष मनुष्य पैसा राखण्यासाठी माणसे खर्ची घालतो. काटकसरी मनुष्य माणसे राखण्यासाठी पैसा जपून वापरतो. एकाच्या घरी पाहुणा आला की डब्याचे झाकण लागते. दुसऱ्याच्या घरी चहा साधा असेल, पण तो हसतमुखाने पुढे येतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. सारख्याच मिळकतीची दोन घरे आपण पाहतो. एका घरात कमतरता असूनही गाणे आहे, विनोद आहे. दुसऱ्या घरात तितक्याच पैशांत सदा धुसफूस, टोमणे, रडारड. असे का व्हावे? आमच्या मते कारण हे की, दुसऱ्या घरात काटकसर एकटे कोणी तरी करीत असते, आणि तीही गुपचूप. बहुधा ती आईच असते. नवऱ्याचा पगार किती, कर्ज किती, हे तिला नीट ठाऊक नसते, आणि डब्यातील तांदूळ किती उरले हे नवऱ्याला ठाऊक नसते. मुलांना तर दोन्हींपैकी काहीच ठाऊक नसते. मग मुलगा नव्या बुटांसाठी हट्ट धरतो, बाप चिडतो, आणि आई काही न बोलता आपल्या ताटातील माशाची तुकडी त्याच्या ताटात सारते. “मला आज भूक नाही,” हे वाक्य आपल्या घरांतून किती वेळा बोलले जाते याचा विचार करा. ते वाक्य प्रेमाचे आहे यात शंका नाही; पण पुष्कळदा ते खरे नसते.

याचा परिणाम केवळ मनावर होतो असेही नाही. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात असे आढळून आले की, आपल्या देशातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक निघाले. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. परंतु जी स्त्री सर्वांच्या शेवटी जेवते आणि उरेल त्यावर भागविते, तिच्या अंगी रक्त भरावे तरी कोठून? काटकसरीचा सारा भार जर एका जिवावर पडत असेल, तर त्या घराने काही वाचविले असे म्हणता येत नाही. त्या घराने आईलाच खर्चात टाकिले.

तेव्हा आमचे पहिले आणि शेवटचे सांगणे हे की, काटकसर आनंदाची व्हावी असे वाटत असेल, तर घरखर्चाची वही सर्वांपुढे उघडी करा. पोप फ्रान्सिस यांनी 2015 सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात म्हटले आहे, त्याचा भावार्थ असा की, साधेपणा स्वखुषीने व समजून उमजून पत्करिला म्हणजे तो मनुष्यास मोकळे करितो. यातील ‘समजून उमजून’ हा भाग आम्हांस फार मोलाचा वाटतो. जे समजले नाही, ते स्वखुषीने कसे पत्करावे? न समजता वाट्यास आलेली काटकसर ही शिक्षा वाटते. समजून घेतलेली काटकसर हे घरचे काम होते.

हे करावे कसे? महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सा आटोपून घरी आल्यावर, न्याहारी झाली की, नवरा-बायको व जाणती मुले यांनी अर्धा तास एकत्र बसावे. साधी रेघांची वही पुरे. समजा, घरात दरमहा 25,000 रुपये येतात. त्याची मांडणी येणेप्रमाणे होईल: शिल्लक 1,500, दानधर्म 500, घरभाडे 6,000, धान्य, तेल व मसाला 6,000, भाजी, मासळी व दूध 4,500, शाळा 2,500, वीज, गॅस व फोन 2,000, रेल्वेचा पास व इतर प्रवास 1,000, औषधपाणी 1,000. एकूण बरोबर 25,000. प्रत्येकाच्या घरचे आकडे वेगळे असतील. कोणाचे घर स्वतःचे असेल, कोणाच्या वाडीत भाजी पिकत असेल, कोणाच्या घरी आजारी वृद्ध असेल. आकडे कसेही असोत, ते सर्वांच्या डोळ्यांपुढे आले पाहिजेत.

आपण पाहिलेच असेल की, आम्ही शिल्लक व दानधर्म हे दोन आकडे सर्वांच्या वर लिहिले. उरेल ते टाकू असे म्हणणाऱ्याच्या हाती काही उरत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. मिझोराममधील ख्रिस्ती स्त्रियांची एक रीत या बाबतीत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्या स्वयंपाकासाठी तांदूळ काढिताना प्रत्येक वेळी त्यातील एक मूठ देवकार्यासाठी वेगळ्या भांड्यात टाकितात. तिला त्यांच्या भाषेत ‘बुहफाय थाम’ म्हणतात. ही चाल तेथील प्रेस्बिटेरियन मंडळीत 1910 च्या सुमारास सुरू झाली, आणि त्या मुठीमुठींतून तेथील ख्रिस्तसभेचे मोठे कार्य आजवर चालत आले आहे. मूठ भात शिजण्याआधी निघते, यातच तिचे सारे रहस्य आहे. भांड्यातून एक मूठ कमी झाल्याने कोणी उपाशी राहत नाही. जेवणानंतर मात्र भांड्यात एक मूठही उरत नाही.

शिल्लक टाकण्यास मोठी रक्कम लागते असे नाही. टपाल खात्याची बचत बँक आपल्या देशात 1882 सालापासून गरिबांचे पैसे सांभाळीत आली आहे, आणि तिच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत आजही महिना 100 रुपयांपासून भरता येतात. दिवसाला 20 रुपये बाजूस ठेविले तर वर्षाचे 7,300 होतात. एवढ्या रकमेत एका मुलाची पुस्तके, गणवेश व पावसाळी छत्री येऊन थोडे हातीही राहते. जूनच्या आरंभी शेजारी उसने मागावयास न जाणे, हे सुख लहान नव्हे.

आता स्वयंपाकघराकडे पाहू. आमच्या उत्तर कोकणातील वाडवडिलांना हे शास्त्र कोणी शिकविले नव्हते, तरी ते त्यात निष्णात होते. पावसाळ्यापूर्वी आगोटीची बेगमी करावयाची हा प्रत्येक घरचा नेम. सुके बोंबील, सोडे व जवळा, तांदूळ, वाल, डाळ, आमसुले, कांद्याच्या माळा, सर्व काही पहिली सर कोसळण्यापूर्वी घरात येई. होड्या किनाऱ्यास लागल्या आणि ताजी मासळी महागली, तरी कालवणाची चिंता नसे. वसईच्या वाड्यांत राजेळी केळी उन्हात सुकवून सुकेळी करीत. मुंबई, ठाणे व वसईकडील आमच्या ख्रिस्ती घरांत वर्षाचा मसाला कुटून काळ्या बाटल्यांत ठासून भरीत. त्यावरून त्याला बाटली मसाला हे नावच पडले. यातील पैशाची बचत तर उघडच आहे. पण आम्हांस त्याहून मोठी वाटते ती गोष्ट ही की, हे काम एकटीचे नसे. मिरच्या वाळत घालणारी आजी, देठ काढणारी मुले, मुसळ धरणाऱ्या शेजारणी आणि मसाल्याने शिंकणारे सारे आळीकर! तेथे काटकसर चालली आहे असे कोणाच्या मनातही येत नसे, कारण अंगणात हशा पिकलेला असे.

आज लहान खोल्यांतून वर्षाची साठवण करणे सर्वांस शक्य नाही. तरीही हंगाम पाहून भाजी घेणे, बाजार उठण्याच्या वेळी जाणे, दोन-तीन घरांनी मिळून तांदळाची गोणी उतरविणे, हे कोणासही जमेल. दोडक्याच्या शिरांची चटणी, माशाच्या डोक्याचे कालवण, शिळ्या भाताला कांदा-मिरचीची फोडणी, ही पक्वान्ने आपल्या आयांनी गरजेतून काढिली आणि आज आपण ती आवडीने मागून खातो. प्रभूने पाच भाकरींत पाच हजार लोक जेवविल्यावर उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितले, व त्यांनी बारा टोपल्या भरल्या, हे आपण जाणतोच. ज्याच्या हाती पाहिजे तितके अन्न निर्माण करण्याचे सामर्थ्य होते, त्याने तुकडे वाया जाऊ दिले नाहीत. आणि हेही पाहा की, तुकडे वेचण्यापूर्वी सर्वजण पोटभर जेवले होते. आधी सर्वांचे पोट, मग उरलेल्याची जपणूक.

त्याचबरोबर, वहीत एक लहानसा आकडा आनंदासाठीही असू द्यावा. रविवारचे कालवण शक्यतो कमी करू नये. वाढदिवसाला घरचा गोड पदार्थ, नाताळात मुलांना एक नवा कपडा, उन्हाळ्यात एखाद्या संध्याकाळी सर्वांनी किनाऱ्यावर जाऊन खाल्लेली भेळ, हे खर्च उधळपट्टीत मोडत नाहीत. ज्या घरात सर्व सुखांना कुलूप लावितात, तेथे एखादे दिवशी कुलूप मोडते आणि महिन्याचा पगार एका संध्याकाळी उडतो. आणि पुष्कळसा आनंद तर वहीत लिहावाच लागत नाही. संध्याकाळची रोझरी एकत्र म्हणणे, जुन्या गीतांना घरच्या घरी सूर लावणे, आजोबांकडून गावच्या गोष्टी ऐकणे, यांस पैसा पडत नाही. मात्र घरातील माणसे एका ठिकाणी बसावी लागतात, आणि तेच आज दुर्मिळ होत चालले आहे.

येथवर घराचे झाले. परंतु एक संकट असे आहे की, ते घराच्या उंबऱ्याबाहेरून येते. ते म्हणजे कर्ज, आणि त्यातही दिखाव्यासाठी काढलेले कर्ज.

गरिबाला सावकाराच्या तावडीतून सोडविण्याची खटपट ख्रिस्तसभेला नवी नाही. इटलीतील पेरुज्या शहरी 1462 साली फ्रान्सिस्कन संन्याशांच्या प्रेरणेने गरिबांना तारणावर अल्प दराने कर्ज देणारी पेढी उघडली गेली. आपल्या देशात 1904 साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, आणि 1918 साली वसईत कॅथोलिक लोकांची सहकारी पतसंस्था निघाली. तीच आजची बॅसीन कॅथोलिक सहकारी बँक होय. आपल्या आधीच्या पिढ्यांनी आपापले थोडे पैसे एकत्र आणून एकमेकांची अडचण भागविली, ही अभिमानाची गोष्ट आहे.

आज सावकार दाराशी चोपडी घेऊन येत नाही. तो खिशातील फोनमध्ये बसला आहे, आणि त्याची भाषा फार गोड आहे. “आत्ता घ्या, मग द्या,” असे तो म्हणतो. दरमहा 3 टक्के व्याज ऐकावयास किरकोळ वाटते. परंतु वर्षास ते 36 टक्के झाले, आणि थकलेल्या व्याजावर व्याज चढत गेले तर 42 टक्क्यांच्याही वर जाते. म्हणजे 10,000 रुपये घेऊन वर्षभर काही न फेडणाऱ्याच्या डोक्यावर वर्षअखेर 14,000 हून अधिक देणे होते. हा हिशोब जाणत्या मुलांनीच त्या रविवारच्या बैठकीत करून दाखवावा. त्यांचे गणित पक्के होईल आणि घराचे रक्षणही होईल. शिक्षण, आजार, डोक्यावरील छप्पर किंवा उपजीविकेचे साधन यांसाठी विचार करून, विश्वासू पतपेढीतून काढलेले कर्ज समजण्यासारखे आहे. मोठ्या पडद्याच्या दूरदर्शन संचासाठी किंवा एका दिवसाच्या जेवणावळीसाठी काढलेले कर्ज मात्र ऋण काढून केलेला सण होय, आणि त्या सणाचा हप्ता पुढे तीन उपवासकाळ चुकत नाही.

लग्नाच्या खर्चाविषयी तर स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. बापाला ठाऊक असते की आपली ऐपत नाही. मुलीलाही तो थाट नको असतो. तरी मंडप मोठा, वाजंत्री दोन, पंगत हजाराची, कारण शेजारच्या आळीत तसे झाले होते. लोक काय म्हणतील, या तीन शब्दांपायी वाडीचा तुकडा गहाण पडतो. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा पवित्र मरियेने यजमानाची उणीव चारचौघांत बोलून दाखविली नाही. तिने ती हळूच आपल्या पुत्राच्या कानी घातली. पाहुण्यांनी कसे वागावे याचा हा धडा आहे. ज्या लग्नात एक पदार्थ कमी आहे, तेथून घरी जाताना त्याची चर्चा न करणे, एवढे पुण्य तर प्रत्येकास विनामूल्य जोडता येईल.

एकट्या कुटुंबाने थाट कमी केला तर त्याला गरीब म्हणतात. सर्व गावाने मिळून कमी केला तर त्याला रीत म्हणतात. म्हणून आमची या धर्मग्रामास नम्र विनंती आहे की, महोत्सवाची आठवण म्हणून प्रत्येक आळीने एकत्र बसून लग्न, बाप्तिस्मा व साखरपुडा यांच्या खर्चाची एक सर्वमान्य मर्यादा ठरवावी, आणि ती मर्यादा ज्यांच्यापाशी अधिक आहे त्यांनी सर्वांआधी पाळावी. श्रीमंताने साधे लग्न केले की त्याच्या मागील दहा घरांची कर्जे वाचतात. असे दान दुसरे नाही, आणि ते देताना खिशातून काही जातही नाही.

कोणी म्हणेल, मुलांपुढे घरची तंगी उघडी केली तर त्यांची मने खचतील. आमचा अनुभव याच्या उलट आहे. मुलांना तंगीची भीती वाटत नाही. बंद दाराआड चाललेल्या भांडणाची वाटते. आठ-दहा वर्षांच्या मुलाला प्रेमाने सांगितले की, यंदा छपराची कौले बदलावयाची आहेत म्हणून सायकल पुढच्या वर्षी, तर तो आपल्या सोबत्यांना अभिमानाने सांगतो, “आम्ही कौले बदलतो आहोत.” त्या ‘आम्ही’ शब्दात घर उभे असते. मात्र आकडे सांगताना सूर कुरकुरीचा नसावा, आणि “तुझ्यापायी एवढा खर्च होतो” असे शब्द मुलाच्या कानी कधी पडू नयेत.

पवित्र कुटुंबाकडे पाहिले तर तेथेही हेच दिसते. बाळ येशूला मंदिरात अर्पण करण्याच्या वेळी योसेफ व मरिया यांनी कोकराऐवजी गरिबांसाठी नेमून दिलेले पाखरांचे अर्पण केले. ऐपत होती तितके त्यांनी केले, आणि उघडपणे केले. त्या पाखरांची लाज त्यांना वाटली असे शुभवर्तमानात कोठे नाही.

बंधुभगिनींनो, आमचे सांगणे संपत आले. येत्या महिन्यापासून प्रत्येक घरात एक वही असावी, तीवर घरातील सर्वांचे हस्ताक्षर असावे, आणि त्या वहीत पहिली नोंद करण्यापूर्वी घरधन्याने एक प्रश्न मोठ्याने विचारावा: “या घरात सर्वांच्या शेवटी कोण जेवते, आणि त्या ताटात काय असते?” त्याचे उत्तर ऐकून मगच खर्चाचे आकडे लिहावे. आई सर्वांबरोबर एका पंगतीस बसली, आणि तिच्या ताटात सर्वांइतकीच तुकडी पडली, म्हणजे त्या घराची काटकसर खरी मार्गावर आली असे समजावे.

परमेश्वर आपल्या सर्व घरांना पुरेशी भाकरी, मोकळे मन आणि कर्जरहित निद्रा देवो, हीच या महोत्सवप्रसंगी आमची प्रार्थना.